जुन्या पोर्श ९११ च्या दारांचे स्टे : बदलणे आणि खोलून दुरुस्त करणे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इथली माहिती १९८९ पर्यंतच्या जुन्या बांधणीच्या ९११ साठी आहे : सुरुवातीच्या लहान बंपरच्या गाड्या, १९७४ च्या मॉडेलपासूनची मालिका, एससी आणि ३.२ करेरा. ९११ च्याच पुढच्या ९६४ आणि ९९३ या पिढ्यांमध्येही तत्त्व तेच आहे, फक्त बोल्ट आणि पॅनेलची जोडणी वेगळी निघते.

डोअर स्टे नेमके काय करतो?

दोन कामे. दार ठरावीक कोनापलीकडे उघडू द्यायचे नाही, आणि उघडलेले दार मधल्या टप्प्यावर धरून ठेवायचे. दाराच्या पुढच्या कडेतून एक चपटी पोलादी पट्टी बाहेर येते आणि तिचे टोक ए-पिलरवरच्या, म्हणजे बिजागऱ्यांच्या खांबावरच्या, लहानशा ब्रॅकेटमध्ये उभ्या पिनेने अडकवलेले असते. पट्टीचे दुसरे टोक दाराच्या पोटातल्या एका घरातून, म्हणजे धातूच्या कवचातून, सरकते. घरात स्प्रिंगच्या दाबाखाली रोलर असतात. पट्टीवरच्या खाचेत रोलर बसला की दार थांबते. पट्टीच्या शेवटी अडसर असतो, तो घराला टेकला की दार आणखी उघडत नाही.

पट्टी सरळ आत-बाहेर जात नाही, दार फिरते तसा तिचा कोनही बदलतो. म्हणून पिनेभोवती ती मोकळी फिरायलाच हवी. पुढच्या बहुतेक उत्तरांचे मूळ इथेच आहे.

स्टे गेला आहे हे कसे ओळखायचे?

दार कुठेच थांबत नाही आणि थोड्या उतारावरही आपोआप मिटते, तेव्हा रोलर झिजलेत किंवा स्प्रिंग तुटली आहे. दार झटके देत उघडते, तेव्हा रोलर फिरायचे थांबून घासत आहेत. त्यांच्यावर एका बाजूला सपाट जागा पडलेली असते. दार सहज फिरते पण शेवटी धातूवर धातू आपटल्यासारखा ठोका येतो, तेव्हा शेवटच्या अडसराचे रबर गळून गेले आहे.

भारतात आणि ब्रिटनमध्ये उजवे दार आधी जाते, जर्मनी-अमेरिकेतल्या गाड्यांत डावे. चालकाच्या बाजूचा स्टे कितीतरी पट जास्त वापरला जातो, इतकेच कारण.

दार उघडताना ‘टक’ असा आवाज येतो. स्टेचा आहे की खांबाचा?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. नवा स्टे मागवण्याआधी याचे उत्तर शोधा.

एकाने दार अगदी सावकाश उघडायचे आणि मिटायचे. दुसऱ्याने बोटाचे टोक ए-पिलरवरच्या ब्रॅकेटच्या मुळाशी, अर्धे ब्रॅकेटवर आणि अर्धे पिलरच्या पत्र्यावर, ठेवायचे. दार सुरक्षित रोखून धरा, बोट चेंगरण्याची शक्यता खरी आहे. आवाजाच्या क्षणी ब्रॅकेट पत्र्याच्या तुलनेत हलताना जाणवले किंवा पत्रा आत-बाहेर फुगला, तर दोष खांबात आहे. मग टॉर्च तिरपी धरून ब्रॅकेटभोवती बघा : रंगात केसासारखी तडा, तडेतून ओघळलेला तपकिरी डाग, किंवा ब्रॅकेटचा एक कान, म्हणजे पीन धरणारा भाग, वाकलेला.

ब्रॅकेट ढिम्म असेल आणि आवाज दाराच्या पोटातून येत असेल, तर स्टेचे घर, त्याचे दोन बोल्ट किंवा रोलर बघायचे. बोल्ट नुसते ढिले असले तरी अगदी असाच आवाज येतो, म्हणून आधी दहाच्या पान्याने ते तपासा.

खांबाचा पत्रा फाटतो तरी का?

बहुतेक वेळा पीन गंजते म्हणून. ती पट्टीच्या भोकात धरली की पट्टी फिरू शकत नाही. मग दार उघडताना पट्टी तरफ होते आणि ब्रॅकेटला एकदा इकडे, एकदा तिकडे पिळते. पत्रा पातळ, ब्रॅकेट लहान, आणि हे वर्षानुवर्षे रोज. शेवटी वेल्डिंगच्या ठिपक्यांभोवती पत्रा थकतो आणि तडकतो. दुसरे कारण वारा. घाटमाथ्यावर किंवा समुद्रकिनारी गाडी वाऱ्याकडे पाठ करून उभी असेल आणि दार हातातून सुटले, तर सगळा आघात त्या ब्रॅकेटवर जातो.

म्हणून स्टेच्या कामात पिनेला पहिला मान द्यावा, रोलरला नंतर.

दार जड चालते म्हणून स्टे सोडवून ठेवला आणि गाडी वापरली, तर चालेल?

नको. स्टे नसताना दार जास्त उघडते, त्याची पुढची कड पुढच्या मडगार्डच्या मागच्या कडेवर चढते आणि दोन्हीकडचा रंग व पत्रा दबतो. त्या दुरुस्तीचा खर्च नव्या स्टेच्या कितीतरी पट होतो. काम चालू असतानाही ही भीती असतेच. म्हणून पीन काढण्याआधी नायलॉनचा जाड पट्टा दाराच्या आतल्या हँडलपासून सीटच्या पायापर्यंत बांधा, आणि दार नेहमीच्या पूर्ण उघडण्यापेक्षा चार बोटे कमीच उघडेल अशी त्याची लांबी ठेवा. मडगार्डच्या कडेवर मास्किंग टेपचे तीन-चार थर द्या.

नवा घ्यावा की जुना खोलून दुरुस्त करावा?

पट्टी सरळ आहे, खाचा स्पष्ट आहेत आणि घराला तडा नाही, तर जुना मूळ स्टे दुरुस्त करण्याच्या लायकीचा आहे. त्याचे पोलाद चांगले असते. बाजारातल्या काही स्वस्त नकला एकतर फार कडक किंवा फार ढिल्या निघतात, आणि कडक स्टे अशक्त खांबावर बसवणे धोक्याचे आहे. घर तडकले असेल, पट्टी वाकली असेल किंवा खाचांच्या कडा गोल होऊन गेल्या असतील, तर नवा घ्या. वाकलेली पट्टी सरळ करता येते, पण ती पुन्हा त्याच जागी वाकते. खाचा वेल्डिंगने भरून घडवणे तर नकोच : उष्णतेने पोलादाचा कणखरपणा जातो आणि भरलेली जागा लवकर झिजते.

नवा भाग आला की जुन्याशेजारी ठेवून बघा : पट्टीची लांबी, डोळ्याचा (टोकाच्या ज्या भोकात पीन बसते त्याचा) व्यास, दोन बोल्टांमधले अंतर, पट्टीचा बाक कोणत्या बाजूला आहे. डावा-उजवा गोंधळ इथेच पकडला जातो.

कोणती हत्यारे लागतील?

दहाचा बॉक्स पाना आणि लहान रॅचेट, पिनेच्या व्यासापेक्षा किंचित बारीक पंच, लहान हातोडी, एक लहान सी-क्लँप, प्लॅस्टिकचे पॅनेल काढायचे हत्यार, व्हर्नियर, आणि गंज सोडवणारे तेल. स्टे खोलणार असाल तर बाकावरचा व्हाइस (शिकंजा), ग्राइंडर आणि डोळ्यांवर चष्मा. एका दाराला निवांतपणे दोन ते तीन तास धरा, त्यातला निम्मा वेळ पॅनेलला जातो.

दाराचे पॅनेल काढावेच लागते का?

हो. घर दाराच्या आत आहे आणि आतल्या पत्र्याच्या मोठ्या भोकातूनच बाहेर येते. काच पूर्ण वर करून ठेवा. मग काच फिरवायचे हँडल किंवा विजेची बटणे, लॉकची घुंडी, हाताची पकड, खिसा आणि शेवटी कडेच्या क्लिपा, असा साधारण क्रम. खिशाच्या आणि पकडीच्या झाकणांखाली स्क्रू लपलेले असतात. पॅनेल हलत नसेल तर ओढू नका, कुठेतरी एक स्क्रू राहिलेला असतो. जुना हार्डबोर्ड ओलाव्याने मऊ झालेला असतो आणि क्लिपेजवळ फाटतो, म्हणून प्रत्येक क्लिपेच्या अगदी लगत हत्यार घाला. विजेच्या काचा किंवा आरसे असतील तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा.

पॅनेलमागचे प्लॅस्टिकचे आवरण फाडू नका. काचेच्या फटीतून येणारे पाणी पॅनेलपर्यंत पोचू नये म्हणून ते असते. परत लावताना नवीन ब्युटाइलची चिकटपट्टी वापरा.

पीन कशी काढायची?

दार अशा जागी आणा, जिथे रोलर दोन खाचांच्या मधे आहे आणि पट्टी हाताने किंचित हलते. पट्टीवर ताण असताना पीन निघत नाही. पिनेला क्लिप असेल तर ती काढा. पिनेला डोके असेल तर ती डोक्याच्या बाजूनेच बाहेर येणार, म्हणून आधी आरशाने बघा. बहुतेक वेळा खालून वर ठोकावी लागते.

तेल टाकून रात्रभर ठेवा. ठोकताना दुसऱ्या माणसाने ब्रॅकेटला जड लोखंडी ठोकळ्याचा आधार द्यावा, नाहीतर हातोडीचा प्रत्येक घाव त्याच थकलेल्या पत्र्यावर जातो.

पीन अजिबात हलत नाही. आता?

जोर वाढवू नका. सी-क्लँप वापरा : एका बाजूला पिनेपेक्षा बारीक लोखंडी तुकडा, दुसऱ्या बाजूला पीन आत जाईल एवढा लहान सॉकेट, आणि क्लँप हळूहळू आवळा. दाब ब्रॅकेटच्या दोन कानांमध्येच राहतो, पिलरवर जात नाही. तेवढ्यानेही नाही निघाली, तर पट्टी आणि ब्रॅकेटचा कान यांच्यामधल्या फटीत हॅक्सॉचे नुसते पाते घालून पीन वर-खाली दोन्हीकडे कापा. पीन स्वस्त आहे. गॅसची ज्योत मात्र इथे आणू नका. रंग जातो, दारात जाणाऱ्या तारांचे आवरण वितळते, आणि ९११ ची पेट्रोल टाकी पुढेच आहे.

स्टे दारातून बाहेर काढताना काय सांभाळायचे?

पट्टीच्या डोळ्यातून एक मजबूत दोरा ओवून बाहेर बांधून ठेवा. मग दाराच्या पुढच्या कडेवरचे दोन बोल्ट काढा. आत हात घालून घर धरा, नाहीतर ते दाराच्या तळाशी पडते. घर मागे ओढून भोकातून तिरपे बाहेर काढा. दोरा दारातच राहू द्या, बसवताना पट्टी फटीतून बाहेर आणायला तोच उपयोगी पडतो.

घर कसे खोलायचे?

आधी पट्टी रॉकेलने किंवा डीग्रीझरने स्वच्छ करा आणि व्हाइसमध्ये धरून घर हाताने पुढे-मागे सरकवा. पुष्कळदा वाळून खडूसारखे झालेले ग्रीस हाच एकमेव दोष असतो, आणि नुसत्या धुण्याने स्टे ठीक होतो. तसे झाले तर खोलू नका.

खोलायचेच असेल, तर घराच्या दोन बाजू रिव्हेटने किंवा दुमडलेल्या पत्र्याने जोडलेल्या असतात. आत स्प्रिंग दाबलेली असते. रिव्हेटची डोकी घासण्याआधी घर सी-क्लँपमध्ये पकडा आणि चष्मा लावा. रिव्हेट निघाल्यावर क्लँप सावकाश सोडा. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा, विशेषतः स्प्रिंग कोणत्या बाजूने कशी बसली होती त्याचा. दोन्ही दारांचे स्टे एकाच वेळी खोलू नका, एक नमुना म्हणून जोडलेला राहू द्या.

आत काय बघायचे : रोलरवर सपाट जागा, रोलरच्या दांड्याची झीज, स्प्रिंगला तडा किंवा खोल गंज, आणि घराच्या ज्या भोकात दांडा बसतो ते लंबगोल झाले आहे का. काही स्टेमध्ये रोलरऐवजी किंवा त्यांच्या जोडीला रबराचे ठोकळे असतात. ते दगडासारखे झाले असतील तर बदलायचे.

बंद करताना भरीव रिव्हेट सर्वांत उत्तम. ते जमत नसेल तर भोकाला बसतील असे ८.८ दर्जाचे बोल्ट आणि नायलॉनची लॉक नट. पण बोल्टचे डोके आणि नट काचेच्या किंवा काच उचलणाऱ्या यंत्रणेच्या वाटेत येत नाहीत हे काच खाली-वर करून बघा. पॅनेल लावल्यावर हे लक्षात आले तर सगळे पुन्हा खोलावे लागते.

रोलर मिळत नाहीत. लेथवर करून घेता येतील?

येतात, आणि साधे काम आहे. माप झिजलेल्या जागेवरून घेऊ नका. रोलरच्या कडेला जिथे पट्टी टेकत नाही तिथला व्यास खरा असतो. पोलादाचे रोलर करायचे तर कठीण केलेले घ्या, मऊ पोलाद थोड्या दिवसांत पुन्हा सपाट होते. आवाज कमी हवा असेल तर ॲसिटल, म्हणजे लेथवाल्यांचे डेल्रिन, चालते. नायलॉन टाळा, ते हवेतला ओलावा शोषून फुगते आणि कोकणपट्टीच्या हवेत रोलर दांड्यावर घट्ट बसतो. रोलर दांड्यावर बोटाने सहज फिरला पाहिजे, पण डगमगता कामा नये. लेथवाल्याकडे नवा दांडाही रोलरसोबतच करायला द्या. जुन्या झिजलेल्या दांड्यावर नवा रोलर फार काळ टिकत नाही.

पट्टीचा डोळा लंबगोल झाला आहे.

नवी पीन घालून बघा. ०.१ ते ०.२ मिलिमीटर मोकळीक योग्य. अर्धा मिलिमीटर हलत असेल तर भोक रीमरने मोठे करून गोल करा आणि फॉस्फर ब्राँझची बुश दाबून बसवा. बुशची भिंत किमान १ मिलिमीटर राहावी, आणि डोळ्याभोवती पुरेसा धातू उरतो ना ते आधी मोजा. ब्रॅकेटच्या कानांत पीन घट्ट, पट्टीच्या डोळ्यात मोकळी : हा नियम उलटा झाला तर पीन कानांत फिरून त्यांची भोके खाते. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर स्प्रिंग पिना मिलिमीटरच्या मापात सहज मिळतात. जुनी पीन सोबत नेण्याऐवजी व्हर्नियरने कानातल्या भोकाचे माप घेऊन जा.

ग्रीस कोणते?

पट्टी आणि पोलादी रोलर असतील तर लिथियम किंवा मॉलिब्डेनमचे ग्रीस, अगदी पातळ थर. जाड थर धूळ धरतो आणि ती धूळच पट्टी घासते. जिथे रबर आहे तिथे सिलिकॉन ग्रीस, कारण पेट्रोलियमच्या ग्रीसने नैसर्गिक रबर फुगते. पिनेला बसवण्याआधी ग्रीस लावा. फवारणीचे पातळ तेल गंज सोडवायला चांगले, वंगण म्हणून नाही : ते जुने ग्रीस धुऊन नेते आणि स्वतः उडून जाते.

परत बसवण्याचा क्रम?

दोरा डोळ्यात ओवा, घर आत घाला, पट्टी फटीतून बाहेर ओढा. घर आणि दाराच्या कडेमध्ये रबराची गॅस्केट असेल तर ती विसरू नका. दोन्ही बोल्ट हाताने आट्यांवर घ्या, पण आवळू नका. आता पट्टी ब्रॅकेटमध्ये आणून पीन बसवा. दार दोन-तीनदा हळू उघडा-मिटा म्हणजे घर आपली जागा घेते, मग बोल्ट आवळा. एम-६ च्या ८.८ बोल्टला सुमारे १० न्यूटन-मीटर पुरे. आट्यांवर मध्यम ताकदीच्या लॉकिंग द्रवाचा एक थेंब टाका. बांधलेला नायलॉनचा पट्टा सगळ्यात शेवटी सोडा, आणि पॅनेल लावण्याआधी काच व दार दोन्ही पुरते चालवून बघा.

घराचे आटे गेले असतील तर?

जाड धातू असेल तर ६.३ मिलिमीटरचे भोक पाडून एम-६ ची हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवा. पत्रा पातळ असेल तर मागे नट वेल्ड करा, मात्र स्प्रिंग आणि रोलर बाहेर काढूनच.

नवा स्टे फार कडक आहे. वापरून मोकळा होईल का?

थोडा होईल, पण तोवर खांब ते सोसत राहील. बसवण्याआधीच व्हाइसमध्ये धरून पट्टी हाताने ओढा आणि चांगल्या जुन्या स्टेशी तुलना करा. खाचेतून निघायला स्पष्ट जोर लागावा, मधल्या भागात मात्र ती सरकत जावी. दोन्हीकडे सारखाच घट्ट असेल तर परत करा.

पिलरचा पत्रा फाटला आहे. दुरुस्ती कशी?

फक्त तडेवर वेल्डिंगची रेघ ओढून काम होत नाही, शेजारून पुन्हा फाटते. ताण मोठ्या क्षेत्रावर पसरवायला हवा. ब्रॅकेट मोकळे करून पत्रा स्वच्छ धातूपर्यंत घासायचा, तडेच्या दोन्ही टोकांना २ ते ३ मिलिमीटरची भोके पाडायची म्हणजे ती पुढे धावत नाही, तडा भरायची, आणि दीड ते दोन मिलिमीटर जाडीची, ब्रॅकेटपेक्षा चारही बाजूंनी मोठी पट्टी पिलरच्या आकाराला वाकवून जोडायची. मग त्यावर ब्रॅकेट. ब्रॅकेटची मूळ जागा आधी आखून ठेवा; ती काही मिलिमीटर सरकली तरी दार मडगार्डला लागू शकते. या कामासाठी तयार पट्ट्याही मिळतात.

वेल्डिंगआधीच्या काही गोष्टी वगळू नका. पेट्रोल टाकी पुढच्या डिकीत आहे, म्हणून ती रिकामी करून काढणेच सुरक्षित. बॅटरी सोडवा. ३.२ करेरामध्ये सीटखालचा इंजिन कंट्रोल युनिटचा कनेक्टर काढा. विंडशील्ड आणि दाराची काच ओल्या जाड कापडाने झाका, ठिणग्या काचेत रुततात आणि ते डाग निघत नाहीत. आतला गालिचा आणि ध्वनिरोधक थर बाजूला करा, शेजारी अग्निशामक ठेवा. १९७६ च्या मॉडेलपासून बॉडीच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा आहे, त्यामुळे वेल्डिंगच्या जागेवरचे जस्त घासून काढा, मास्क लावा, कामाच्या जागेची दारे-खिडक्या उघड्या ठेवा, जस्ताचा धूर घातक असतो. नंतर जस्तयुक्त प्रायमर, रंग, आणि पिलरच्या पोकळीत मेण.

हे काम चांगल्या डेंटरकडे द्यावे असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि तो काम करत असताना ब्रॅकेटच्या जागेचे माप तुम्ही स्वतः तपासावे.

स्टे बदलला तरी दार खाली बसलेले आहे.

तो दोष बिजागऱ्यांचा. दार अर्धे उघडून मागच्या कडेला खालून उचला, खटका जाणवला तर बिजागरीच्या पिना-बुश झिजल्या आहेत. स्टे दाराच्या उंचीवर काही परिणाम करत नाही. स्टे बदलल्यावर दार आधीपेक्षा वेगळे लागू लागले असेल तर घर तिरपे बसून काहीतरी अडते आहे.

वर्षभरात काय देखभाल करावी?

पावसाळ्याआधी आणि नंतर, दोनदा. पट्टी पुसून नवे ग्रीस, पिनेवर वरून वंगणाचे दोन थेंब आणि दार दहा-बारा वेळा फिरवणे. दाराच्या तळाच्या पाणी जायच्या भोकांत मऊ तार घालून ती मोकळी आहेत का बघा. ती बुजली तर दारात पाणी साचते, आतली हवा सतत दमट राहते आणि नवी स्प्रिंगही गंजते.

जुना स्टे फेकून द्यायचा का?

ठेवा. घर तडकलेले असले तरी त्याची पट्टी, दांडा, स्प्रिंग किंवा निदान मापे दुसऱ्या दाराच्या वेळी कामी येतात. तेल लावून, बाजूचे नाव लिहून पिशवीत बंद करा.